‘क्वेश्चन’, ‘क्वेस्ट’ आणि ‘इन्क्वायरी’ : इंग्रजी शोधवाचक शब्दांचे अर्थ व मराठी पर्याय

इंग्रजीतील शोध व प्रश्न या अर्थांचे शब्द पाहिले असता त्यांपैकी पुष्कळसे एकाच लॅटिन धातूपासून निघालेले आढळतात. ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे, तसेच विचारणे. त्यापासून ‘क्वेस्ट’, ‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’, ‘इन्क्वायरी’, ‘इन्क्वेस्ट’, ‘इन्क्विझिशन’, ‘रिक्वेस्ट’, ‘रिक्वायर’, ‘अक्वायर’ असा मोठा शब्दपरिवार निर्माण झाला. शोधून शोधून निवडलेले ते ‘एक्स्क्विझिट’. जिंकण्याचा वाचक असलेला ‘कॉन्कर’ हाही याच घरातला. व्युत्पत्तीची ही माहिती कोणत्याही चांगल्या इंग्रजी कोशात मिळते. मात्र मूळ एक असताना हे शब्द परस्परांपासून इतके दूर का गेले, याचे उत्तर केवळ व्युत्पत्तीत सापडत नाही. कोण विचारतो, कोणाला विचारतो आणि उत्तर न मिळाल्यास विचारणारा काय करू शकतो, या तीन गोष्टी लक्षात घेतल्यावरच त्यांचे अर्थ उलगडतात.

‘रिक्वेस्ट’ आणि ‘रिक्वायर’ ही जोडी या दृष्टीने बोलकी आहे. दोहोंचे लॅटिन क्रियापद एकच. तथापि पहिला शब्द खालून वर जातो, दुसरा वरून खाली येतो. प्राध्यापक रजेची ‘रिक्वेस्ट’ करतो. विद्यापीठ त्याच्याकडून कागदपत्रे ‘रिक्वायर’ करते.

सत्तेचा हा स्पर्श या शब्दांना उशिरा झालेला नाही. रोमन कायद्यात ‘क्वेस्तिओ’ या शब्दाने न्यायालयीन तपासणीचा बोध होई, आणि गुलामाची साक्ष यातना देऊन घेतली जाई तिलाही हाच शब्द होता. फ्रान्समध्ये ‘क्वेश्चन’चे फ्रेंच रूप न्यायालयीन छळाचे अधिकृत नाव म्हणून रूढ होते, त्याचे दोन्ही प्रकार अनुक्रमे १७८० व १७८८ मध्ये रद्द झाले. वर्गात ज्या शब्दाने विद्यार्थ्याची उत्सुकता व्यक्त होते त्याचा हा इतिहास आहे. ‘इन्क्विझिशन’चा अर्थही मुळात ‘विचारपूस’ इतकाच. गोव्यात हे न्यायासन १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. अ. का. प्रियोळकरांचा १९६१ चा इंग्रजी ग्रंथ याच विषयावर आहे. मराठीत हा शब्द तसाच ठेवतात किंवा ‘धर्मन्यायालय’ म्हणतात. दोन्ही पर्यायांत ‘विचारणे’ नाहीसे होते, आणि विचारण्याचीच दहशत कशी झाली हे वाचकाला शब्दावरून कळत नाही. स्थानिक लोक त्या वास्तूला नुसते ‘व्हडलें घर’, म्हणजे मोठे घर, म्हणत. त्या नावात प्रश्नाचा मागमूस नाही. सत्तेचा आकार मात्र नेमका आहे.

मराठीची खरी अडचण ‘इन्क्वायरी’पाशी येते. रूढ पर्याय ‘चौकशी’. रेल्वे स्थानकावरील खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी असते, आणि कर्मचाऱ्यावर दोषारोप झाल्यावर होते ती ‘विभागीय चौकशी’. खिडकीपाशी प्रवासी कार्यालयाला विचारतो. विभागीय चौकशीत कार्यालय कर्मचाऱ्याला विचारते. दिशा पूर्ण उलटली तरी शब्द तोच राहतो. ब्रिटिश इंग्रजीत साध्या विचारण्यासाठी ‘एन्क्वायरी’ आणि औपचारिक चौकशीसाठी ‘इन्क्वायरी’ असा वर्णलेखनाचा भेद पाळण्याची प्रथा आहे. ती काटेकोर नाही, पण भेदाची जाणीव तीत आहे. मराठीत ‘विचारपूस’ हा सौम्य शब्द असूनही तो आजाऱ्याच्या अंथरुणापाशीच अडकून पडला.

ज्ञानव्यवहारात याची किंमत मोजावी लागते. जॉन ड्यूई हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू. त्यांच्या १९३८ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथाच्या नावातच ‘इन्क्वायरी’ आहे. ड्यूईंच्या मते अनिश्चित, गोंधळलेल्या परिस्थितीतून ‘इन्क्वायरी’ सुरू होते आणि त्या परिस्थितीला नियंत्रित रीतीने निश्चित रूप देते. शोधणारा स्वतः त्या परिस्थितीचा भाग असतो. येथे ‘चौकशी’ हा पर्याय योजल्यास विचारणारा निर्दोष आणि विचारला जाणारा संशयित, अशी नको ती छटा येते. ‘जिज्ञासा’ म्हणावे तर ती केवळ जाणण्याची इच्छा. तीत पद्धत नाही.

‘अन्वेषण’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा. तो ‘अनु’ आणि ‘इष्’ यांपासून बनला आहे, आणि ‘इच्छति’मधील हा ‘इष्’ इंग्रजी ‘आस्क’चा दूरचा सगोत्र आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. पण तो पोलिसांकडे गेला. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये दंडाधिकारी किंवा न्यायालय करते ती ‘चौकशी’ आणि प्रामुख्याने पोलीस करतात ते ‘अन्वेषण’, असा व्याख्याभेद होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तो कायम ठेवला. गुन्हे अन्वेषण विभागामुळे तर हा शब्द वृत्तपत्रांत रोज दिसतो. कायद्याच्या दृष्टीने हा भेद उपयुक्त आहे, पण तत्त्वज्ञानाच्या लेखकाने ‘अन्वेषण’ लिहिले की वाचकाला आधी गुन्हा आठवतो.

उरतो ‘संशोधन’. इंग्रजी ‘सर्च’च्या मुळाशी वर्तुळाकार फिरणे आहे, ‘रिसर्च’मध्ये तेच फिरणे अधिक नेटाने येते. ‘संशोधन’च्या मुळाशी ‘शुध्’, म्हणजे शुद्ध करणे, आहे. हिंदीत घटनादुरुस्तीला ‘संशोधन’ म्हणतात, ते या मूळ अर्थाला धरूनच. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागल्यापासून मराठीतील ‘संशोधन’ हे बहुतांशी एक ‘रिक्वायरमेंट’ झाले आहे. अशा स्थितीत ड्यूईंच्या ‘इन्क्वायरी’साठी साधा ‘शोध’ हाच शब्द वापरणे इष्ट ठरेल. त्याच्यावर कोणत्याही खात्याचा शिक्का नाही, आणि ‘शोधणे’ या क्रियापदात हुडकणे व निर्मळ करणे हे दोन्ही अर्थ मराठीने जपले आहेत.