रशिदाची नानी, टिंग्याचा प्रश्न

मराठी चित्रपटातल्या मुलांविषयी लिहिताना 'किती गोड काम केले आहे' एवढ्यावर आपली समीक्षा थांबते. मुलाच्या तोंडचे शब्द कोणाचे आहेत आणि कोणत्या मुलाला प्रश्न विचारायची मुभा आहे, हे फारसे कोणी पाहत नाही. मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) त्या दृष्टीने पुन्हा पाहावा असा आहे. आपण तर तो अवश्य पाहावा, कारण त्यात रशिदा आहे.

कथा साधी आहे. कर्जबाजारी शेतकरी कारभारी याचा चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. शेती अडली आहे, म्हणून बैल खाटकाला विकायचे ठरते. कारभारीचा मुलगा टिंग्या अडून बसतो. त्याच सुमारास त्याची मैत्रीण रशिदा हिची नानी आजारी आहे आणि घरचे तिच्यासाठी धडपडत आहेत. म्हातारीला जपायचे, मग बैलाला का नाही, हे टिंग्याला कळत नाही.

टिंग्या झालेला शरद गोयेकर जुन्नर परिसरातलाच. या कामासाठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच्या कामाचे बळ त्याच्या बोलीत आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. स्नेहसंमेलनात नाटुकले बसवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते, की पाठ केलेले वाक्य म्हणताना मूल आधी बाईंकडे बघते आणि मग समोर. आमची मुले घरी दखनी, पुस्तकात उर्दू आणि रस्त्यावर मराठी बोलतात. 'नीट बोल' म्हटले की ती गप्प होतात. तीच मुले नळावर भांडताना ऐकावीत! हाडवळे यांनी टिंग्याला 'नीट' बोलायला लावले नाही. कोथरूडला, जिथे मी राहते, तिथे प्रमाण मराठीलाच 'शुद्ध' म्हणायची सवय आहे. या चित्रपटातली मुले तो समज निमूटपणे खोडून काढतात.

तरन्नुम पठाणने केलेली रशिदा ही नमुन्यादाखल ठेवलेली मुस्लिम मुलगी नाही. तिची ओळख पटवायला ईद किंवा शीरखुर्मा लागत नाही. ती टिंग्याची मैत्रीण आहे, एवढे पुरते. बैल खाटकाकडे जाण्याच्या गोष्टीत मुस्लिम घर आले, की प्रेक्षकाच्या मनात भलतेच काही येऊ शकते. दिग्दर्शकाने ते घर आजारी नानीचे आणि तिची सेवा करणाऱ्या माणसांचे ठेवले. ही समज मोठी आहे.

तरीही माझी एक तक्रार आहे. रशिदाचे दुःख टिंग्याच्या प्रश्नाला पुरावा म्हणून येते. आपली नानी बैलाच्या शेजारी तोलली जाते तेव्हा त्या पोरीला काय वाटत असेल? चित्रपट तिच्यापाशी तेवढा थांबत नाही. संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये (२००४) अश्विन चितळेने केलेल्या परश्याचे डोळे कर्करोगामुळे जाणार असतात. त्याला हे सांगायचे का आणि कसे, हाच तिथे कथेचा पेच आहे. मुलाला कळण्याचा हक्क तिथे मानला गेला आहे. रशिदाला तो पुरता मिळत नाही.

मुलांच्या चित्रीकरणासाठी आता नियम आहेत. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. त्यांनुसार मुलाचे काम दिवसाला पाच तासांपुढे जाऊ नये, विश्रांतीवाचून सलग तीन तासांपेक्षा जास्त नसावे, आणि उत्पन्नातला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदतठेवीत ठेवावा. हे हवेच होते. पण मुलाची भाषा आणि त्याच्या दुःखाचा मान यांचा हिशेब नियमात बसत नाही. तो समीक्षकाने आणि प्रेक्षकाने ठेवायचा असतो. कोथरूडच्या सिटीप्राइडमध्ये अनेक वर्षे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळ झाले. इथला प्रेक्षक जाणता आहे, म्हणून त्याच्याकडून ही अपेक्षा करता येते.

'टिंग्या' मला आवडतो, म्हणूनच हे मागणे. माझ्या वर्गात रशिदाच्या वयाच्या मुली आहेत. त्यांच्याकडे मैत्री आहे, आजारी नानी आहेत, आणि स्वतःचे प्रश्नही आहेत. त्यांतला एखादा प्रश्न मराठी पडद्यावर तिच्याच तोंडून ऐकायचा आहे.