ॲबलोनीतील शुक्राणू-प्रथिने आणि जातिनिर्मिती : एक परीक्षण

बाह्यफलन करणारे सागरी प्राणी आपली अंडी व शुक्राणू पाण्यात मोकळे सोडतात. एकाच किनाऱ्यावर अनेक निकटवर्ती जाती नांदत असतील, तर शुक्राणूला स्वजातीचे अंडे कसे ओळखता येते, हा प्रश्न उपस्थित होतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ॲबलोनी (हॅलिओटिस) या सागरी गोगलगायींवर व्हिक्टर व्हॅक्विअर, विली स्वॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन या संदर्भात मूलभूत मानले जाते. त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांचे परीक्षण येथे योजिले आहे.

या संशोधनाचे जैवरासायनिक मोल निर्विवाद आहे. शुक्राणूतून बाहेर पडणारे सुमारे १६ किलोडाल्टनचे ‘लायसिन’ हे प्रथिन अंड्याच्या आवरणाला छिद्र पाडते. परंतु ते विकर नाही. आवरणातील ‘व्हर्ल’ या ग्राही प्रथिनाला ते चिकटते आणि आवरणाचे तंतू परस्परांपासून सुटतात. शुक्राणू विकरांच्या साहाय्याने आवरण विरघळवतो, हे सरसकट विधान त्यामुळे अध्यापनात जपूनच करावयास हवे.

उत्क्रांतीविषयीचा पुरावाही भक्कम आहे. निकटवर्ती जातींच्या लायसिन-जनुकांत अमिनो आम्ल बदलणारे फेरफार न बदलणाऱ्यांपेक्षा अधिक आढळतात, हे ली, ओटा व व्हॅक्विअर यांनी १९९५ साली दाखविले. ही नैसर्गिक निवडीची खूण होय.

मात्र ‘म्हणूनच जाती वेगळ्या झाल्या’ हे पुढील विधान या आकडेवारीतून निष्पन्न होत नाही. निवड झाली हे अनुपातावरून कळते. ती कशासाठी झाली, हे कळत नाही. १९९८ साली स्वॉन्सन व व्हॅक्विअर यांनी असे प्रतिपादिले, की व्हर्लमधील पुनरावृत्त खंड समन्वित उत्क्रांतीने एकसारखे होत बदलतात आणि लायसिन त्यांचा मागोवा घेते. परंतु व्हर्लच्या २२ खंडांपैकी पहिल्या दोहोंवर स्वतंत्र निवड झाल्याचे २००३ साली आढळले. अर्थात अंडे केवळ निष्क्रियपणे बदलत होते, हे चित्र अपुरे ठरले. एकाहून अधिक शुक्राणूंचा प्रवेश रोखणे, हेही या निवडीचे कारण असू शकते. शिवाय या जातींचे नैसर्गिक संकर ओवेन, मॅक्लीन व मेयर यांनी १९७१ सालीच नोंदविले होते. म्हणजे फलनातील अडसर अभेद्य नाही.

२०१७ साली लायसिन व व्हर्ल यांच्या संयुक्त रचनेचे स्फटिकचित्रण प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांच्या अंडावरणातील प्रथिनांशी व्हर्लचे रचनासाम्यही त्यातून स्पष्ट झाले. ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बरेच पुढे गेले. ‘का’ या प्रश्नासाठी मात्र लायसिनमधील एकेका बदलाचा फलनाच्या प्रमाणावर होणारा परिणाम, समुद्रात प्रत्यक्ष आढळणाऱ्या शुक्राणू-संहतीत, मोजावा लागेल. तोवर जातिनिर्मितीचे हे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांपुढे सिद्ध तथ्य म्हणून न मांडता समर्थ गृहीतक म्हणूनच मांडणे युक्त होय.