यंत्राचा गंधार

रियाजास संगत करणारी कित्येक संगणकीय साधने गायकाचा स्वर मोजून तो ‘जुळवून’ देतात. परंतु कशाशी, हे कोणी विचारीत नाही. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पेटीच्या समविभागी सप्तकात शुद्ध गंधार ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ वर. तंबोऱ्याशी मिळालेला विद्यार्थ्याचा स्वर यंत्र उतरलेला ठरविते, म्हणजे खऱ्या साक्षीदारासच खोटे पाडते! देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमची खटपट केली, ती याच दोषापायी. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तर एका रेषेवर खिळविताच दरबारीचा उरत नाही. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे उतरविण्या-चढविण्याची सोय असेल, तेच साधन घ्यावे. आणि गंधार आधी तंबोऱ्यावर ऐकून मग यंत्रात बसवावा.