हरभऱ्याचे झाड, उंची ४४७८ मीटर

आपल्याकडे माणसाला चढवायला हरभऱ्याचे झाड पुरते. ते जेमतेम गुडघ्याएवढे. वरून पडले तरी लागते ते अब्रूला, आणि तिला प्लास्टर घालावे लागत नाही. आल्प्समध्ये ही सोय नाही. तिथे 'अरे, तुला सहज जमेल, जा तू!' असे कुणी म्हणाले आणि ऐकणाऱ्याने ते मनावर घेतले, तर खाली यायला हजार मीटर मोकळी हवा असते. म्हणून गिर्यारोहक एकमेकांना जो सल्ला आणि जो धीर देतात, त्याची समीक्षा इतर साहित्यापेक्षा कडक व्हायला हवी असे माझे मत आहे. कविता फसली तर वाचक वाचायचा थांबतो. हा सल्ला फसला तर वाचक वाचतच नाही.

समीक्षक म्हणून माझी पात्रता काय, असे कुणीही विचारील. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, आणि जुन्या रेकॉर्डच्या खोलीतल्या शिडीची वरची पायरी हा माझा आजवरचा सर्वोच्च बिंदू आहे. तोही खाली शिपाई शिडी धरून उभा असताना! पण डोंगरांची पुस्तके मी हावरटासारखी वाचतो. शिवाय कर्ज विभागात इतकी वर्षे काढल्यामुळे 'यांना मी चांगला ओळखतो, माणूस खात्रीचा आहे' या वाक्याचे पुढे काय होते ते मला ठाऊक आहे. खरे सांगायचे तर आल्प्सचा बेत आणि कर्जाचा अर्ज यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणूस उमेदीने येतो, दोन्हीकडे शिफारस असते, आणि दोन्हीकडे खरी गंमत परतफेडीच्या वेळी सुरू होते.

आधी भाषा पाहू. आल्प्समधल्या वाटांची प्रतवारी फ्रेंच विशेषणांनी करतात. सर्वांत खाली 'फासील', म्हणजे सोपी. मग 'प्यू दिफिसील', फारशी अवघड नाही. मग 'आसे दिफिसील', बऱ्यापैकी अवघड. मग नुसती 'दिफिसील', त्यावर 'त्रे दिफिसील' म्हणजे फार अवघड, आणि शेवटी 'एक्स्त्रेममां दिफिसील', अत्यंत अवघड. इथे विशेषणे संपली, पण चढणारे थांबेनात. तेव्हा 'अत्यंत'ला एक, दोन, तीन असे आकडे जोडले. काहींनी तर त्याच्याही डोक्यावर 'आबोमिनाब्ल', म्हणजे भयंकर, अशी आणखी एक पायरी ठेवली. कचेरीत काम केलेल्याला याचे नवल वाटणार नाही. 'तातडीचे' लिहिलेले पाकीट कुणी उघडत नाही म्हणून 'अतितातडीचे', आणि तेही उघडत नाहीत म्हणून त्यावर लाल शाईत 'तत्काळ'.

ही प्रतवारी अडाण्यांनी केलेली नाही, हे कबूल करायला हवे. त्या एका विशेषणात वाटेची लांबी, उंची, खडक-बर्फाचा कस, माघार घेण्याची सोय, असे सगळे जमेस धरलेले असते. माझी तक्रार आहे ती विशेषणाच्या आवाजाबद्दल. मों ब्लां या ४८०० मीटरहून उंच शिखराची गूतेवरून जाणारी रुळलेली वाट घ्या. प्रत 'प्यू दिफिसील'. किती समजूतदार शब्द! डॉक्टर सुई टोचण्याआधी 'काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल' म्हणतात ना, अगदी तो सूर. या वाटेवर तेत रूस आणि गूते या दोन निवाऱ्यांच्या मध्ये एक घळ आडवी ओलांडावी लागते, आणि वरून त्या घळीत दगड येत असतात. दोन निवाऱ्यांमधल्या एवढ्याशा टप्प्यात १९९० ते २०१७ या काळात १०२ माणसे गेली. विशेषण खोटे नव्हते. चढायला ती वाट फारशी अवघड नाहीच. फक्त दगडांना फ्रेंच येत नाही.

आणि प्रत लागते ती वाटेला. माणसाला कोण लावणार? ते काम शिफारशीवर सोडलेले असते. शिफारशीचा सर्वांत गाजलेला नमुना १८६५ सालचा आहे. एडवर्ड व्हिंपर हा लाकडावर चित्रे कोरणारा पंचविशीतला इंग्रज मॅटरहॉर्नच्या मागे हात धुऊन लागला होता. झेरमाटला त्याची गाठ चार्ल्स हडसन या पाद्रीबुवांशी पडली. हडसन त्या काळच्या हौशी गिर्यारोहकांतले अव्वल नाव. त्यांच्याबरोबर डग्लस हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. व्हिंपरने अगदी बँकेला शोभेल असा प्रश्न विचारला, की याने आजवर काय काय केले आहे? हडसनने सांगितले, की पोरगा मों ब्लां बहुतेकांपेक्षा कमी वेळात चढून आला आहे, आपल्याबरोबर यायला हरकत नाही. ही हकीकत व्हिंपरनेच १८७१ सालच्या 'स्क्रँबल्स अमंग्स्ट द आल्प्स' या पुस्तकात देऊन ठेवली आहे.

या शिफारशीचे परीक्षण करू. वाक्य खरे आहे. त्यात अतिशयोक्ती नाही. बोलणारा जाणकार आहे आणि त्याच्या मनात मुलाबद्दल माया आहे. उणीव एवढीच, की विचारले एक आणि सांगितले दुसरेच. मों ब्लांवर दमसास लागतो, मॅटरहॉर्नवर उभ्या खडकावर पाय ठरावा लागतो. कुणी स्कूटरचे कर्ज दोन महिने आधी फेडले म्हणून त्याला कापडगिरणी काढायला पैसे द्यावेत, तसे हे झाले.

१४ जुलै १८६५ रोजी दुपारी एक चाळीसला सातजण शिखरावर पोचले. तासाभराने उतरायला लागले. हॅडोचे पाय ठरेनात, म्हणून पुढे असलेला मिशेल क्रोझ हा वाटाड्या त्याचे पाय एकेक करून हाताने खाचेत बसवत होता. तेवढ्यात हॅडो घसरला, क्रोझवर आदळला, आणि दोराने बांधलेले हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस ओढले गेले. त्यांच्या वर होता थोरला टाउगवाल्डर. त्याच्या आणि डग्लसच्या मधला दोर तुटला. चौघे गेले. व्हिंपर आणि टाउगवाल्डर बापलेक एवढे वाचले.

हडसनचा विचार मनातून जात नाही. आमचे जामीनदार हप्ता थकला की नेमके गावाला गेलेले असतात. हा जामीनदार ऋणकोच्याच दोराला बांधलेला होता आणि त्याच्याबरोबर गेला. त्याची शिफारस चुकली, पण लबाड नव्हती. मला याचीच जास्त धास्ती वाटते. लबाड माणसाचा धीर ओळखता येतो. त्याचे हसणे जरा जास्त असते. चांगल्या माणसाने मायेने दिलेला धीर तपासून घ्यावा हे सुचतही नाही. उलट, तपासला तर आपणच कद्रू ठरतो.

सामानाच्या सल्ल्याचे तसे नाही. तो तपासता येतो. लंडनचा आल्पाइन क्लब १८५७ मध्ये निघाला, आणि १८६४ मध्ये त्याच्या खास समितीने दोर आणि कुऱ्हाडी तपासून अहवाल दिला. दोरांना वजने लावून कोणता टिकतो, कोणता तुटतो ते पाहिले. समितीच्या कामातून काही निष्पन्न झाले, असे हे जगातले दुर्मीळ उदाहरण! मॅटरहॉर्नवर व्हिंपरच्या मंडळींकडे तीन तऱ्हेचे दोर होते. पैकी तुटला तो सर्वांत कच्चा. त्याहून कितीतरी मजबूत असा अडीचशे फुटांहून अधिक दोर तिथेच गुंडाळी करून पडलेला होता. सल्ला बरोबर, खरेदी बरोबर, पाठीवरून वरही नेला, आणि ऐन वेळी हात दुसऱ्याच गुंडाळीला! दारावरचे मजबूत कुलूप 'गंजेल' म्हणून कपाटात जपून ठेवणारी माणसे आपण पाहतोच.

१९३८ साली आयगरच्या उत्तर भिंतीवर हाइन्रिख हारर गेला तो क्रँपॉन, म्हणजे बुटांना बांधायचे लोखंडी दात, घरी ठेवून. ओझे कमी, असा हिशेब. मागून हेकमाइर आणि फ्यॉर्ग आले. त्यांच्याकडे पुढेही दोन दात असलेले बारा दातांचे नवे क्रँपॉन होते. हारर आणि त्याचा जोडीदार कास्पारेक यांनी बर्फात पायऱ्या खोदत जे अंतर कापले होते, ते या दोघांनी भराभर चढून गाठले. चौघे एकत्र झाले आणि शिखरावर पोचले. बाराव्या दाताचे माहात्म्य सांगायला यापुढे विशेषण लागत नाही.

अर्थात सामानाच्या सल्ल्यातही भांडण आहेच. एक पंथ म्हणतो, सगळे न्या. वाटेत रात्र काढावी लागली तर? दुसरा म्हणतो, रात्रीचे सामान नेलेत तर त्याच्या ओझ्यानेच उशीर होऊन रात्र नक्की काढावी लागेल. दोन्ही खरे. छत्री आणि पाऊस यांचा संबंध ज्याला उलगडला असेल त्याने यावर निकाल द्यावा.

आता शेवटचा मुद्दा, सल्ल्याची तारीख. आल्बर्ट ममरी या चढवय्याने १८९५ च्या पुस्तकात एक गमतीचे निरीक्षण नोंदवले आहे. प्रत्येक शिखराच्या नशिबी तीन अवस्था असतात. आधी ते अजिंक्य, मग आल्प्समधले सर्वांत अवघड, आणि मग बायकांनीही सहज चढावे असे. कॉमर्सवाले याला घसारा म्हणतात. लूसी वॉकर १८७१ मध्येच मॅटरहॉर्नवर जाऊन आली होती, तेव्हा ममरीच्या थट्टेतला 'बायकांनीही' तर आधीच निकालात निघाला होता. घसारा वहीत लिहायचा असतो, डोंगर तो वाचत नाही. खुद्द ममरी त्याच वर्षी नंगा पर्वतावर गेला तो परत आला नाही.

हल्ली तर डोंगरच बदलू लागले आहेत. गास्तां रेबुफा या शामोनीच्या वाटाड्याने १९७३ मध्ये मों ब्लांच्या परिसरातल्या शंभर सुंदर वाटांचे पुस्तक काढले. मला हे पुस्तक फार आवडते, आणि त्याचे कारण फोटो नव्हे. त्याने वाटा सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावल्या आहेत. म्हणजे तिसाव्या पानावरच्या माणसाला नव्वदाव्याचा मोह झाला, तर मधली साठ पाने गप्प राहून त्याच्याकडे बघत बसतात. एवढा सभ्य सल्ला मी दुसरीकडे वाचलेला नाही. पण २०१९ मध्ये अभ्यासकांनी यातल्या ९५ वाटांची तपासणी प्रसिद्ध केली. तापमानवाढीचा परिणाम ९३ वाटांवर झालेला आढळला, त्यातल्या २६ वाटांवर फारच मोठा, आणि ३ वाटा तर उरल्याच नाहीत. वाल्टर बोनात्ती १९५५ मध्ये द्रूच्या ज्या सुळक्यावर एकटा चढला, तो २००५ मध्ये ढासळला. पान शिल्लक, वाट गायब! खातेदार गेल्यावरही पासबुक घरात राहते, तसे.

२०२२ च्या उन्हाळ्यात गूतेच्या त्या घळीत दगड इतके कोसळू लागले, की स्थानिक वाटाड्यांनी माणसे नेणे थांबवले. तरी हौशी लोक जातच राहिले. तेव्हा पायथ्याच्या सें-जेर्वे गावच्या महापौरांनी सुचवले, की चढणाऱ्याने आधी १५,००० युरो अनामत ठेवावी. १०,००० सुटकेच्या खर्चाचे, ५,००० अंत्यविधीचे. बँकेत इतकी वर्षे काढून इतकी स्पष्ट ठेवयोजना मी पाहिलेली नाही. पलीकडच्या इटालियन गावच्या महापौरांनी हे मानले नाही. डोंगर ही कुणाची मालमत्ता नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तेही खरेच. पण मला पहिल्या महापौरांचा मुद्दा कळतो. सल्ला ऐकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी निदान ताळेबंद पुढे केला.

तर या सगळ्या साहित्याबद्दल माझा अभिप्राय असा. वाटेचे वर्णन वाचताना खालची तारीख बघावी. सामानाचा सल्ला वजन लावून बघावा, आणि पटला तर ती वस्तू पिशवीत न ठेवता हातात घ्यावी. धीर देणाऱ्याने धीर जरूर द्यावा, त्यावाचून कुणी घराबाहेर पडणार नाही. पण आधी दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर ऐकून 'यंदा नको' म्हणायची हिंमत ठेवावी. निवाऱ्याचा रखवालदार आभाळाकडे बघून 'उद्या जाऊ नका' म्हणतो, ते तीन शब्द मला पुष्कळ ग्रंथांपेक्षा वजनदार वाटतात. त्यात कौतुक नाही, विशेषण नाही, आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी चहा प्यायला शिल्लक असतो.

आणि कुणाची शिफारस करायचीच असेल, तर तो किती लवकर चढतो हे राहू द्या. त्याला उतरताना कुणी पाहिले आहे का, तेवढे लिहा.