साथीदारांची सही

पोवाड्यात शाहीर पुढे असतो, झीलकरी मागे. त्यांनी ‘जी जी’चा सूर धरून ठेवला नाही, तर शाहिराला श्वास घ्यायलाही उसंत मिळायची नाही. तरी पोवाडा गाजतो तो शाहिराच्याच नावाने. हे झीलकरी एके दिवशी स्वतःच पुढे येऊन गाऊ लागले तर? ‘द बँड’ या रॉक वाद्यवृंदाची कारकीर्द मला या प्रश्नासारखी वाटते.

लेव्हॉन हेल्म अमेरिकेतल्या आर्कान्सासचा. रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन कॅनडाचे. रॉनी हॉकिन्स या रंगेल गायकामागे वाजवता वाजवता ते एकत्र आले. हडसनने घरच्यांच्या समाधानासाठी इतरांचा ‘संगीतशिक्षक’ म्हणून प्रवेश केला. शिकवणीचे आठवड्याला दहा डॉलर प्रत्येकाकडून घेई. आम्हा मास्तरांना ही युक्ती आवडावी! पुढे १९६५-६६ मध्ये ते बॉब डिलनच्या मागे उभे राहिले. डिलनने विजेची गिटार घेतली म्हणून श्रोते हुर्यो उडवीत. ती यांच्याही वाट्याला आली. हेल्म तर विटून मध्येच निघून गेला आणि १९६७ मध्ये परतला.

१९६८ आणि १९६९ मधल्या त्यांच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका ऐकताना जाणवते, की साथीची शिस्त त्यांनी सोडलेली नाही. हेल्म, डँको, मॅन्युएल तिघेही गातात; एकाची ओळ दुसरा उचलतो, पण पुढे घुसत कोणी नाही. दुसऱ्यासाठी जागा सोडणे हेच त्यांचे सौंदर्य.

आणि इथेच कुसळ सलते. दुसऱ्या मुद्रिकेतल्या बाराही गाण्यांवर गीतकार म्हणून रॉबर्टसनचे नाव आहे; आठांवर एकट्याचे, तिनांवर मॅन्युएलसह, एकावर हेल्मसह. गाणी सर्वांनी मिळून घडवली, असे हेल्मने १९९३ च्या आत्मचरित्रात कडवटपणे मांडले. लिहिले मी, हे रॉबर्टसनचे म्हणणे.

मी लिहिणारा माणूस. साहजिकच प्रथम रॉबर्टसनची बाजू घेतली. मग माझ्या पहिल्या कादंबरीची आठवण झाली. तिच्यातले ज्या संवादांचे कौतुक झाले, ते माझ्या आत्याच्या तोंडचे होते. मुखपृष्ठावर नाव माझे. ती कधी काही बोलली नाही, मीही नाही.

१९७६ च्या निरोपाच्या मैफलीनंतर रॉबर्टसन वेगळा झाला. १९८३ पासून उरलेले त्याच्याविना वाजवू लागले. पण दोघांनाही ती जुनी उंची पुन्हा गाठता आली नाही. वादाचा निकाल मला यातच दिसतो. शब्द एकाचे असतील. गाणे पाचांचे होते.

२०२५ च्या जानेवारीत हडसन गेला, आणि पाचांतला कोणी उरला नाही. आत्याही नाही. नव्या आवृत्तीत तिचे नाव घालीन म्हणतो. पण ते वाचायला ती कुठे आहे?