आहारनियमाचा भंग आणि अमृताचे बंधन : 'सिख रहत मर्यादे'तील एका कलमाची चिकित्सा

शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मान्य केलेल्या 'सिख रहत मर्यादा' या आचारसंहितेचा मसुदा १९३० च्या दशकात सिद्ध झाला व १९४५ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. डब्ल्यू. एच. मॅक्लिऑड यांनी २००३ च्या ग्रंथात रहतनाम्यांची परंपरा ऐतिहासिक दृष्टीने तपासली आहे. प्रस्तुत लेखात इतिहासापेक्षा संहितेच्या शब्दयोजनेकडे, तीही एकाच प्रश्नापुरती, पाहावयाचे आहे : अमृतधारी शिखाकडून आहाराचा नियम मोडला, तर त्याच्या उरलेल्या व्रतांचे काय होते?

संहिता चार कुरहिती सांगते : केशांचा अवमान, कुठा मांसाचे भक्षण, परस्त्री वा परपुरुषगमन आणि तंबाखूसेवन. यांपैकी एकही घडल्यास पुन्हा अमृत घ्यावे लागते. मद्य, अफू, भांग यांचे सेवन मात्र तनखाहीच्या, म्हणजे दंडनीय दोषांच्या, यादीत येते. तंबाखूने दीक्षा तुटते आणि मद्याने तुटत नाही, हे आरोग्यशास्त्राच्या तर्काने उलगडणारे नाही. येथे प्रश्न पदार्थाच्या अपायाचा नसून खालसाच्या वेगळेपणाच्या खुणेचा आहे. कुठ्याचेही तसेच. मुस्लिम पद्धतीने कापलेल्या प्राण्याचे मांस हा त्याचा अर्थ संहिताच देते. सरसकट मांसाहार ती निषिद्ध मानीत नाही.

परंतु हा अर्थ सर्वमान्य नाही. अखंड कीर्तनी जथा कुठा म्हणजे कोणतेही मांस असे मानतो. दमदमी टकसालही मांसाहार वर्ज्य ठरवते. उलट नांदेडच्या तख्त हजूर साहिब येथे बकऱ्याच्या झटक्याची परंपरा आहे. (महाराष्ट्रातील वाचकाला शीख आहारविचार एकजिनसी वाटू नये, यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.) परिणामी झटका मांसाचा तोच घास एका अमृतधाऱ्याची दीक्षा मोडतो आणि दुसऱ्याच्या दीक्षेला स्पर्शही करीत नाही. पंज प्याऱ्यांनी दीक्षेच्या वेळी कोणती रहत सांगितली, यावर भंगाची व्याख्याच अवलंबून राहते.

संहितेतील खरे मोलाचे वाक्य याच प्रकरणात आहे. अजाणता घडलेल्या कुरहितीस दंड नाही, असे ती म्हणते. परदेशातील खानावळीत मांस कोणत्या पद्धतीचे आहे हे न कळता ते खाल्ले गेले, तर या वाक्याचा आधार मिळतो. जाणूनबुजून खाणाऱ्यास तो मिळत नाही. त्याने संगतीसमोर वा पंज प्याऱ्यांसमोर दोष सांगावयाचा असतो. मात्र दोष घडला त्या दिवसापासून पुन्हा अमृत घेईपर्यंत त्याने नितनेम करावे काय, ककार धारण करावेत काय, याविषयी या कलमात स्पष्ट शब्द नाही. या मौनाचा अर्थ 'सारेच संपले' असा घेणारे आढळतात. तो अर्थ आम्हांस मान्य होण्यासारखा नाही. कारण नितनेम हे शिखाच्या नित्य आचरणात आधीच सांगितले आहे. ते अमृतधाऱ्यापुरते राखलेले नाही. तसेच संगतीने क्षमा करताना हट्ट धरू नये, दोषीनेही दंडाविषयी वाद घालू नये, आणि दंड सेवेच्या, विशेषतः हाताने करावयाच्या सेवेच्या रूपाचा असावा, असे संहिता तनखाहीसंबंधी सांगते. परतीची वाट इतकी मोकळी ठेवणारा ग्रंथ त्या वाटेवर असणाऱ्याच्या हातून कडे आणि कृपाण काढून घेईल, हे संभवत नाही.

अडचण निर्माण होते ती कायद्यामुळे. १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्यातील 'पतित' या संज्ञेत, अमृत घेतल्यानंतर चारपैकी एक किंवा अधिक कुरहिती करणारा अंतर्भूत आहे, आणि पतिताला समितीच्या सदस्यत्वासाठी निवडून येता येत नाही. व्याख्येत हेतूचा उल्लेख नाही. संहितेने 'अजाणता' या एका शब्दात जी सवड ठेवली, ती कायद्याच्या व्याख्येत उतरलेलीच नाही. त्यामुळे पंज प्याऱ्यांपुढे निर्दोष ठरलेला शीखही निवडणुकीच्या वादात पतित म्हणून उभा केला जाऊ शकतो.