लेखक, लेखनिक आणि उत्तरदायित्व

ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२ हा काल आणि सच्चिदानंदबाबांचे नाव येते. त्यांना तेथे ‘लेखक’ म्हटले आहे. त्या काळी लेखक म्हणजे सांगितलेले लिहून घेणारा. आजच्या भाषेत लेखनिक. ग्रंथाचा कर्ता निराळा आणि तो उतरवून घेणारा निराळा, हा भेद आपल्याकडे असा सहज सांभाळला गेला. लेखनिकाचे नाव लपविले नाही आणि त्याला कर्तेपणही दिले नाही. आज जगातील विद्वत्पत्रिकांना हाच भेद नियम करून सांगावा लागत आहे, कारण लेखनिकाच्या जागी यंत्र आले आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि काही आठवड्यांतच काही शोधनिबंधांवर सहलेखक म्हणून त्याचे नाव झळकले. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ने दोन नियम जाहीर केले : यंत्राला लेखक मानता येणार नाही, आणि त्याचे साहाय्य घेतले असल्यास निबंधात तसे नमूद केले पाहिजे. ‘सायन्स’ने त्याच महिन्यात यंत्रलिखित मजकुरावर सरसकट बंदी घातली, पण वर्ष संपण्यापूर्वीच ती सैल करून नमूद करण्याच्या अटीवर मुभा दिली.

यांपैकी पहिला नियम आम्हांस निर्विवाद वाटतो. प्रकाशननीतीचा विचार करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे कारण नेमके सांगितले : यंत्र लिहिलेल्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. कचेरीत मसुदा कोणीही तयार करो, जाब सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

दुसऱ्या नियमाविषयी मात्र आमचे समाधान होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स’च्या एका जीवशास्त्रीय पत्रिकेत उंदराचे एक चित्र छापले गेले. त्यातील अवयव अशक्यप्राय आकाराचे होते आणि त्यांवरील बरेच शब्द कोणत्याही भाषेतले नव्हते. चित्रे ‘मिडजर्नी’ या यंत्रणेकडून काढविली असल्याचे लेखकांनी निबंधात सांगितले होते. म्हणजे नमूद करण्याचा नियम पाळला गेला होता! परीक्षकांपैकी एकाने शंका घेतली होती, असेही प्रकाशकांनी मागाहून सांगितले. तरी निबंध छापला गेला आणि हसे झाल्यावर काही दिवसांत मागे घेतला गेला. निवेदनाची ओळ लिहिली की पाहण्याचे कर्तव्य संपले, असा समज या नियमातून होऊ शकतो, हे यावरून दिसते.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. स्प्रिंगर नेचरच्या धोरणाप्रमाणे केवळ व्याकरण व वाचनीयता सुधारण्यासाठी यंत्र वापरल्यास ते नमूद करावे लागत नाही. सवलत उदार आहे. पण वाक्य सुधारणे कोठे संपते आणि रचणे कोठे सुरू होते? मराठीतून विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या आमच्या तरुण संशोधकाला ही रेघ सर्वांत अधिक छळणार. त्याने प्रामाणिकपणे सांगितले तर त्याचे संशोधनच संशयास्पद ठरण्याची भीती. न सांगितले तर पकडले जाण्याची. आणि पकडणारी यंत्रे तरी विश्वासार्ह आहेत काय? २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले ९१ निबंध अशा सात यंत्रणांपुढे ठेवले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्रलिखित ठरविण्यात आले. ज्याची शब्दसंपत्ती साधी, त्याच्यावर आळ प्रथम यावयाचा, असाच याचा अर्थ.

आमच्या मते नियमाचा रोख बदलला पाहिजे. कोणते यंत्र वापरले, या प्रश्नाबरोबरच, किंबहुना त्याच्याही आधी, लेखकास विचारावे : यातील कोणते आधार आपण स्वतः उघडून पाहिले? कोणते आकडे स्वतः पडताळले? कोणत्या विधानाचे समर्थन आपण कागद बाजूला ठेवून करू शकाल? यंत्र नसलेले संदर्भही बिनदिक्कत रचून देते, हे आता सर्वश्रुत आहे. अशा वेळी या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या नावापेक्षा अधिक सांगून जातील. मराठी संशोधनपत्रिकांनीही इंग्रजी नियमांचे केवळ भाषांतर न करता हे प्रश्न आपल्या नियमांत घालावेत. साहाय्य कोणाचेही असो, जाब देण्यास माणूस उभा असावा, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.